अमेरिकेचे कापसाचे धोरण नेमके कोण ठरवते : राष्ट्राध्यक्ष, अधिकारी, दबावगट की वृत्तपत्रे?

गोदाकाठ (पाथरी, जि. परभणी) : प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी राज्यशास्त्रात एम. ए. करीत आहे आणि घरी सात एकर कोरडवाहू जमीन आहे, ज्यात कापूस आणि सोयाबीन हीच दोन पिके आम्ही आलटून-पालटून घेतो. 2025 च्या पोळ्याच्या आठवड्यात, म्हणजे 19 ऑगस्टपासून, केंद्र सरकारने आयात कापसावरचे 11 टक्के शुल्क तात्पुरते काढले आणि पुढे ती सूट 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. सरकारने वस्त्रोद्योगाला कच्चा माल पुरेसा मिळावा असे कारण दिले. आमच्या पारावर मात्र सगळ्यांचे म्हणणे एकच होते की, त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले, तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध असलाच पाहिजे. तो आहे की नाही, हा माझा प्रश्न नाही.

माझा प्रश्न असा की, अमेरिकेत कापूस पिकवणारी शेते वीस हजारांच्या आत आहेत. एवढ्या थोड्या लोकांचे म्हणणे तेथील सरकार इतक्या काळजीने का ऐकते? आमच्या पुस्तकात राष्ट्राध्यक्ष, संसद आणि न्यायालय यांवर मोठी प्रकरणे आहेत, आणि शेवटी नोकरशाही, दबावगट व प्रसारमाध्यमे यांवर प्रत्येकी दोन-तीन पाने. ही तिन्ही एकमेकांना कोठे चिकटतात ते त्यातून कळत नाही. कोणी एखादे उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून सांगेल का?

निवृत्त शिक्षक (नांदेड)

पुस्तकातली ती तीन छोटी प्रकरणे सुटी-सुटी वाचली तर एकही नीट समजत नाही, हे मी वर्गात अनेक वर्षे अनुभवले आहे. मी नोकरशाहीपुरते लिहितो. कापसाचा सगळा प्रवास येथील जाणकारांनी सांगावा.

अमेरिकेचे कृषी खाते 1862 साली, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांच्या कारकिर्दीत स्थापन झाले. त्या काळी सरकारी नोकऱ्या निवडणूक जिंकलेल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांत वाटल्या जात. 1881 मध्ये अशी नेमणूक न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर 1883 च्या पेंडलटन कायद्याने परीक्षा घेऊन नोकरभरती करण्याची पद्धत सुरू झाली. आरंभी ती थोड्याच पदांना लागू होती, पुढे तिचा विस्तार झाला. त्यामुळे आज राष्ट्राध्यक्षासोबत मंत्री आणि वरचे काही हजार लोक बदलतात, पण ज्यांना कायद्यातला प्रत्येक खळगा माहीत असतो ते अधिकारी तेथेच राहतात.

या अधिकाऱ्यांच्या हातात नेमके काय असते? संसद कायदा करते तेव्हा बहुधा उद्देश आणि चौकट ठरते. प्रत्यक्ष कोणाला, किती, कोणत्या अटीवर, हे नियमांत ठरते, आणि नियम खाते लिहिते. 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार साधारणतः नियमाचा मसुदा राजपत्रात छापावा लागतो, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि महत्त्वाच्या हरकतींना उत्तर द्यावे लागते. डिसेंबर 1997 मध्ये याच खात्याने सेंद्रिय शेतमालाच्या व्याख्येचा मसुदा काढला होता. जनुक बदललेली बियाणी, किरणोत्सर्गाची प्रक्रिया आणि सांडपाण्याचा गाळ या तिन्हींना त्यात सरसकट मनाई नव्हती. त्यावर पावणेतीन लाखांहून अधिक हरकती आल्या, मसुदा मागे घ्यावा लागला आणि डिसेंबर 2000 मध्ये जो अंतिम नियम आला त्यात तिन्ही गोष्टी वगळलेल्या होत्या.

दुसरे उदाहरण सोयाबीनचे आहे आणि ते लातूरच्या बाजारात सांगण्यासारखे आहे. 2018 मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा शुल्क लावले, तेव्हा शेतकऱ्यांना 12 अब्ज डॉलरपर्यंत मदत जाहीर झाली आणि 2019 मध्ये आणखी 16 अब्ज. यासाठी संसदेत नवा कायदा झाला नाही. 1933 पासून चालत आलेल्या, कृषी खात्याच्या अखत्यारीतील एका सरकारी महामंडळाला 30 अब्ज डॉलरपर्यंत कर्ज उचलण्याची मुभा आहे. त्या खिशातून पैसे निघाले. पिकागणिक दर किती, हे खात्यातल्या अर्थतज्ज्ञांच्या सूत्राने ठरले : सोयाबीनला बुशेलमागे 1 डॉलर 65 सेंट, मक्याला बुशेलमागे फक्त 1 सेंट. बुशेल म्हणजे सोयाबीनचे सुमारे 27 किलो 200 ग्रॅम, तेव्हा त्या वेळच्या विनिमय दराने क्विंटलमागे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास रक्कम होते. मका उत्पादकांच्या संघटनेने जोरदार नाराजी व्यक्त केली. निर्णय राष्ट्राध्यक्षांचा होता, हे खरे. परंतु सोयाबीनवाल्याच्या आणि मकावाल्याच्या पदरात काय पडले यातला जमीन-अस्मानाचा फरक एका सूत्रातून आला, आणि ते सूत्र लिहिणाऱ्यांची नावे कोणत्याही मतपत्रिकेवर नव्हती.

सरकी-रुई (मानवत, जि. परभणी)

गोदाकाठ भाऊ, मी गेली बावीस वर्षे जिनिंगच्या हिशेबात आहे, तेव्हा कापसाचे मी सांगतो. थोडे लांबेल, पण तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागितले आहे.

अमेरिकेत 1938 साली मेम्फिस येथे नॅशनल कॉटन कौन्सिल स्थापन झाली. तिचे बळ सभासदांच्या संख्येत नाही, रचनेत आहे. शेतकरी, जिनर, गोदामवाले, व्यापारी, सरकीवाले, सहकारी संस्था आणि सूतगिरण्या असे सातही घटक तिच्यात बसतात. आपल्याकडे कापसाचा भाव चढला की गिरणीवाला दिल्लीत आयात मागतो आणि शेतकरी रस्त्यावर उतरतो. सरकारकडे दोन परस्परविरोधी अर्ज पोहोचतात आणि निवड सरकार करते. तेथे हा तंटा आधी आपसात मिटवला जातो आणि राजधानीत एकच कागद जातो. एकी टिकण्याचे कारणही व्यवहाराचे होते. 1990 नंतरच्या काळात ‘स्टेप टू’ नावाची एक योजना होती, जिच्यात अमेरिकी कापूस महाग पडला तरी तो विकत घेणाऱ्या गिरणीला आणि निर्यातदाराला सरकार फरक देत असे. शेतकऱ्याला आधारभाव आणि गिरणीला फरक मिळाल्यावर भांडायला कोण उरतो?

दुसरी बाजू संसदेच्या कृषी समित्यांची. तेथे कापसाच्या राज्यांचे सदस्य आवर्जून जागा घेतात. मिसिसिपीचे थॅड कोक्रन सिनेटच्या कृषी समितीचे अध्यक्ष होते आणि पुढे सरकारी खर्च मंजूर करणाऱ्या विनियोजन समितीचेही. पश्चिम टेक्सासचे माइक कॉनावे 2015 ते 2019 प्रतिनिधिगृहाच्या कृषी समितीचे अध्यक्ष होते. समिती, खाते आणि संघटना यांचे हे साटेलोटे तेथील अभ्यासक ‘लोखंडी त्रिकोण’ या नावाने ओळखतात. बोस्टन किंवा शिकागोच्या सदस्याला कापसाच्या कलमाविरुद्ध लढून काहीच मिळत नाही, कारण त्याच्या मतदाराच्या खिशातून वर्षाला काही डॉलर जातात आणि ते त्याला कळतही नाहीत. कापूस उत्पादकाचे मात्र सगळे वर्ष त्या एका कलमावर उभे असते. तुमच्या ‘एवढे थोडे लोक’ या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथे आहे : थोडे असल्यामुळेच त्यांना एकत्र बसणे सोपे जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम लढण्याइतकी मोठी असते.

त्रिकोणाला पहिला धक्का बाहेरून बसला. सप्टेंबर 2002 मध्ये ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ डॅनियल समनर यांनी ब्राझीलच्या बाजूने आकडेमोड मांडली, म्हणून स्वदेशातील कापूसवाले त्यांच्यावर संतापले. 2005 मध्ये अपिलातही अमेरिका हरली. 2006 मध्ये स्टेप टू बंद झाले, पण बाकीचे चालूच राहिले. 2009 मध्ये लवादाने ब्राझीलला सुमारे 83 कोटी डॉलरपर्यंत प्रतिशुल्क लावण्याची मुभा दिली, आणि त्यात पेटंट व बौद्धिक संपदेवरही हात टाकण्याची सोय असल्याने अमेरिकेतील अन्य उद्योग हादरले. तेव्हा 2010 मध्ये तडजोड झाली : अमेरिका दरवर्षी 14 कोटी 73 लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी देईल. स्वतःच्या शेतकऱ्याचे अनुदान चालू ठेवता यावे म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यालाही पैसे देण्याची तयारी एका सरकारने दाखवली, हे मी प्रथम वाचले तेव्हा दोनदा तपासून पाहिले होते.

2014 च्या कृषी कायद्यात कापूस नेहमीच्या आधार योजनांतून काढला गेला, त्याच्या जागी विम्याची एक योजना आली आणि त्याच वर्षी 30 कोटी डॉलर देऊन ब्राझीलशी वाद कायमचा मिटवला गेला. पुस्तकात गोष्ट येथे संपली असती. पण विम्याने कोणाचे समाधान झाले नाही आणि भाव पडले. मग कौन्सिलने वेगळी वाट शोधली : रुई बाद झाली असेल तर सरकी ‘इतर तेलबिया’ म्हणून योजनेत घ्या. ते अधिकार कृषिमंत्र्याकडे आहेत असे त्यांचे म्हणणे होते आणि प्रतिनिधिगृहातील शंभराच्या आसपास सदस्यांनी तसे पत्रही दिले. फेब्रुवारी 2016 मध्ये कृषिमंत्री टॉम व्हिलसॅक यांनी, 2014 चा कायदा मला हा अधिकार देत नाही, असे सांगून नकार दिला. हे मला फार महत्त्वाचे वाटते. मंत्री स्वतः शेतीच्या राज्याचे, निवडणुकीचे वर्ष, समोर शंभर खासदार, आणि तरीही खात्याचा कायदेशीर अभिप्राय टिकला. अर्थात जूनमध्ये जिनिंगच्या खर्चापोटी सुमारे 30 कोटी डॉलरची एकवेळची मदत त्याच खात्याने जाहीर केली, तेव्हा कोणी रिकाम्या हाताने परतले नाही.

दोन वर्षांनी, 9 फेब्रुवारी 2018 ला, सहाशेहून अधिक पानांच्या एका अर्थसंकल्पीय कायद्यात कापूस परत आला. यातली खुबी मराठवाड्यातल्या माणसाला लगेच कळेल. आपण बोंडातून वेचून आणतो त्याला कापूस म्हणतो आणि सरकी काढल्यावर उरते त्याला रुई म्हणतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो. जिनेव्हातला, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेतला, सगळा वाद रुईवर झाला होता. 2018 च्या कायद्याने सरकीसकट, म्हणजे जिनिंगआधीचा, कापूस हे वेगळे ‘पीक’ मानून त्याला पौंडाला 36.7 सेंट असा संदर्भभाव दिला, म्हणजे बाजारभाव ज्याच्या खाली गेला तर सरकारी मदत मिळते तो भाव. झाड तेच, बोंड तेच, फक्त मोजायची जागा जिनिंगच्या अलीकडे आली. जुलै 2025 च्या कायद्याने तोच भाव 42 सेंटवर नेला आहे.

आपल्या खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला म्हणून गाडी परत जाते, तेव्हा 8 ते 12 हा आकडा कोणत्या टेबलावर, कोणासमोर ठरला, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? मी तरी विचारले नव्हते.

लातूरची वाचक

सरकी-रुई दादांनी सांगितलेल्या प्रवासात वृत्तपत्रे कोठेच दिसत नाहीत, आणि मी जिल्हा दैनिकात दहा वर्षे काम केलेले असल्याने मला तेच जास्त जाणवले. वृत्तपत्रे होती, आणि त्यांनी चांगले कामही केले. 2001 च्या नोव्हेंबरात एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने माहितीच्या कायद्याखाली मिळवलेली अनुदान घेणाऱ्यांची यादी नावनिशीवार इंटरनेटवर टाकली. मग गावोगावच्या वार्ताहरांना आपल्या तालुक्यातील बडे लाभार्थी शोधता आले. 2003 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने श्रीमंत देशांच्या अनुदानांवर संपादकीयांची मालिका चालवली, आणि त्याच वर्षी बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब कापूस उत्पादक देशांनी जागतिक व्यापार संघटनेत आपले गाऱ्हाणे मांडले. 2006 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने दाखवून दिले की, 2000 पासून किमान 1 अब्ज 30 कोटी डॉलर शेती न करणाऱ्या लोकांच्या खात्यावर गेले होते, कारण रक्कम जमिनीच्या जुन्या नोंदीवर मिळत असे, पेरणीवर नाही.

एवढे उघड झाल्यावर काय झाले? 2008 मध्ये नवा कृषी कायदा आला तेव्हा, भाव चढे असताना श्रीमंत शेतकऱ्यांना इतके अनुदान नको, असे सांगून राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नकाराधिकार वापरला. संसदेने तो प्रतिनिधिगृहात 316 विरुद्ध 108 आणि सिनेटमध्ये 82 विरुद्ध 13 मतांनी मोडून काढला. दोन मोठी वृत्तपत्रे आणि राष्ट्राध्यक्ष एका बाजूला असूनही ते हरले. पेरणीविना मिळणारी ती थेट रक्कम अखेर 2014 मध्ये बंद झाली, म्हणजे बातमीचा परिणाम झाला, पण आठ वर्षांनी, आणि त्या आठ वर्षांत हा विषय रोज लावून धरणारे वार्ताहर नव्हते. ते काम संस्थांनी केले.

दादांच्या मांडणीत मला एक भर घालावीशी वाटते. शहरी सदस्य केवळ दुर्लक्षामुळे गप्प राहतात, असे नाही. 1973 पासून गरिबांना अन्नधान्यासाठी मिळणारी मदत आणि शेतकऱ्यांचे आधारभाव हे एकाच कृषी कायद्यात बांधले गेले आहेत, त्यामुळे शहराचा सदस्य कापसाला मत देतो आणि कापसाचा सदस्य शहरातील गरिबाच्या ताटाला. खर्चाचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग ताटाचाच असतो. जून 2013 मध्ये हा धागा ताणला गेला आणि प्रतिनिधिगृहात विधेयक 195 विरुद्ध 234 असे पडले. 2025 च्या जुलैत तर एकाच कायद्याने पिकांचे संदर्भभाव वाढवले आणि अन्नमदतीला कात्री लावली. ही जुनी देवाणघेवाण पुढे टिकेल का, याची मला मनापासून काळजी वाटते, कारण ती तुटली तर दोन्हीकडचे गरीब एकटे पडतील.

शिवाय पहारा करणारेही कमी होत आहेत. 2005 पासून अमेरिकेतील एक-तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आणि त्यात बहुसंख्य साप्ताहिके होती, म्हणजे नेमकी तीच पत्रे, ज्यांचा वार्ताहर लाभार्थींच्या यादीत ओळखीचे नाव शोधू शकत होता. 9 फेब्रुवारी 2018 चेच पाहा : त्या रात्री काही तास सरकारचे कामकाज ठप्प झाले होते आणि बातम्यांचा सगळा भर त्यावर होता. त्या सहाशेहून अधिक पानांत दडलेले कापसाचे कलम कृषी-नियतकालिकांनी छापले, आणि ती वाचतो कोण, तर ज्याला ते कलम हवे होते तोच.

वकील (छत्रपती संभाजीनगर)

निवृत्त शिक्षकांच्या उत्तरात एक दुरुस्ती आवश्यक आहे. हरकती मागवण्याचे जे बंधन त्यांनी सांगितले, त्यातून 1946 च्या कायद्यानेच कर्ज, अनुदान, लाभ आणि कंत्राटे यांविषयीचे नियम वगळले आहेत. म्हणून सेंद्रिय मालाच्या व्याख्येवर लाखो लोक लिहू शकले, पण 2018 च्या मदतीचा नियम थेट अंतिम स्वरूपात निघाला. पैसा वाटण्याच्या बाबतीत लोकांचा दरवाजा अरुंद आहे आणि संघटनेचा दरवाजा, म्हणजे समिती आणि खात्यातील बैठक, तेवढाच रुंद राहतो.

हरकतींच्या संख्येवरही फार विसंबू नये. 2017 मध्ये इंटरनेट सेवेच्या नियमांवर सुमारे 2 कोटी 20 लाख हरकती आल्या. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी 2021 मध्ये तपासाअंती सांगितले की, त्यातील सुमारे 1 कोटी 80 लाख बनावट होत्या, आणि त्यातल्या लाखो हरकतींमागे कंपन्यांच्या पैशावर चाललेली मोहीम होती.

जून 2024 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1984 पासूनचा आपलाच दंडक रद्द केला. कायदा संदिग्ध असेल तर खात्याचा वाजवी अर्थ न्यायालयाने स्वीकारावा, असा तो दंडक होता. आता अर्थ न्यायाधीश लावतील. यापुढे दबावगट खात्याइतकेच न्यायालयात खर्च करतील, असे मला वाटते.

निवृत्त शिक्षक (नांदेड)

वकीलसाहेबांची दुरुस्ती बरोबर आहे. मी सर्वसाधारण नियम सांगितला आणि नेमका कापसाला लागू होणारा अपवाद सुटला. आभारी आहे.

गोदाकाठ (पाथरी, जि. परभणी)

सर, दादा, ताई, वकीलसाहेब, मी हे सगळे वहीत उतरवून घेतले. एकच शेवटचे विचारतो. दबाव आणणे तेथे कायदेशीर आहे का, आणि परक्या देशातल्या शेतकऱ्याला या प्रक्रियेत काही म्हणता येते का?

वकील (छत्रपती संभाजीनगर)

सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच आहे, त्यामुळे दबावगटावर बंदी घालता येत नाही. नोंदणी मात्र करावी लागते. 1995 च्या कायद्याप्रमाणे पगारी मध्यस्थाला दर तिमाहीस कोणासाठी, कोणत्या विषयावर आणि किती पैशांत काम केले ते जाहीर करावे लागते. परक्या सरकारसाठी काम करणाऱ्यांना 1938 चा वेगळा, अधिक कडक कायदा आहे, आणि आपल्या दूतावासानेही तेथे अशा नोंदणीकृत संस्था नेमलेल्या आहेत. या सर्व नोंदी कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतात.

जेथे खाते हरकती मागवते तेथे नागरिकत्वाची अट नाही. पाथरीहून लिहिलेली हरकतही रेग्युलेशन्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर दाखल होते, तिला क्रमांक मिळतो आणि ती त्या नियमाच्या दप्तराचा भाग बनते. तिच्यात आकडे आणि अनुभव असेल तर अधिकाऱ्याला ती वाचावी लागते. तुम्ही कॉटन कौन्सिलच्या गेल्या चार तिमाहींच्या नोंदी काढा, त्यांत ज्या कायद्यांचे क्रमांक असतील त्यांच्यासमोर त्या-त्या महिन्यांतले कृषी समितीचे कामकाज ठेवा. तुमच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण त्यातून निघेल. अडले तर येथेच लिहा, मी पाहून सांगेन.